उपडा हात

आमच्या भांड्यांच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असायची. त्यामुळे बाकीची हुबळी रविवारी हिंडायला जायची आणि आम्ही सोमवारी. हे होते तेव्हा यांनी उणकलच्या तळ्याला लागून एक लहानसं कौलारू घर बांधलं. उणकल तेव्हा खेडंच होतं. धारवाडच्या बसमधून उतरायचं आणि गाडीवाटेनं चालत जायचं, दोन्ही अंगांना जोंधळा. घर म्हणजे तरी काय, पुढं तळ्याकडे तोंड केलेली लांब पडवी, मागं दोन खोल्या आणि पडवीच्या एका टोकाला स्वयंपाकघर. स्वयंपाकघरातून ताटं पुढं सरकवता यावीत म्हणून पडवीच्या भिंतीत यांनी एक खिडकी ठेवून घेतली होती. पहिल्यांदा दाखवायला नेलं तेव्हा हे म्हणाले, "दुकान अप्पांचं, पेठेतलं घर आईचं. हे तुझं." मी नुसती हसले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्यांच्या मनात काय होतं ते मला समजलं होतं.

तुळस मी त्याच दिवशी लावली. ती रुजायच्या आधीच घर माणसांनी भरून गेलं. धाकटे दीर मधुकरभाऊजी, जाऊ वत्सला आणि त्यांची सरू हे तर घरचेच. मे महिन्यात बेळगावहून यांच्या चुलतबहीण हिराबाई मुलांना घेऊन यायच्या त्या शाळा उघडेपर्यंत हलायच्या नाहीत. आमच्या शेजारचे दुकानदार नागोजीराव दर सोमवारी हजर. येताना मिरच्यांची पिशवी आणायचे आणि भजी तळून झाली की, "वहिनी, या मिरच्या मी आणल्या म्हणून तिखट कमी आहेत, पेठेतल्या असत्या तर बघा," असं प्रत्येक वेळी म्हणायचे. आणि इंदू.

इंदू, म्हणजे इंदुमती, माझी निपाणीची मैत्रीण. एका आळीत वाढलो, एका वर्षी लग्नं झाली. मी हुबळीला पडले, ती धारवाडला. तिचे यजमान पांडुरंगराव शाळेत शिक्षक, मालमड्डीला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. शाळेला सुट्टी असली की तेही तिच्याबरोबर यायचे, एरवी ती एकटीच यायची. मला 'शामे' म्हणणारं माणूस सासरच्या गावात ती एकच.

पडवीत पाण्याकडे तोंड करून सगळे बसले, पोरं पायरीवर शेंगा फोडताहेत, आत चुलीवर वांगी शिजताहेत, असं असलं की मला वाटायचं, देवानं एक दिलं नाही म्हणून इतकी दिली. माणसं माझ्याकडे येतात असंच मी धरून चालले होते.

हे गेले ते हृदयाच्या दुखण्यानं. जाण्याआधी दोन दिवस शुद्धीवर होते. मिरजेहून त्यांचे मामा, विठ्ठलराव, आले होते. आमच्या घरात मामांचा शब्द शेवटचा. दुकानाचे, घरांचे कागद सगळे मधुकरभाऊजींच्या नावावर झालेले होते, व्यवहाराच्या सोयीसाठी. यांनी मामांचा हात धरून भाऊजींच्या देखत सांगितलं, "तळ्यावरचं घर तिचं. तिनं हो म्हटल्याशिवाय विटेला हात लावायचा नाही. मामा, हे तुमच्यावर." मामा म्हणाले, "माझ्यावर." भाऊजीही रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

त्याच वर्षी सरूला झटके यायला लागले. आठ वर्षांची पोर, नागपंचमीला झोक्यावरून उतरली आणि अंगणात आडवी झाली. डोळे पांढरे, दातखीळ. डॉक्टरांचं औषध सुरू झालं. वत्सला देवापुढे नुसती बसून राहायची. मी माझ्या परीनं महादेवाला बोलले: पाच श्रावण, त्यातले सगळे सोमवार, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही, या पोरीला बरी ठेव. नेमधर्म मला नवा नव्हता. रोजचं पोथीवाचन, गुरुवार, एकादशी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, हे चालूच होतं. पण हा नेम दुसऱ्याच्या पोरीसाठी होता, त्यामुळे माझ्यासाठी तो अधिक काचेचा होता. आपलं मोडलं तर आपलं मोडतं.

औषधाचा गुण असेल, देवाचा असेल, त्या श्रावणानंतर सरूला झटका आला नाही.

श्रावणातले सोमवार म्हणजे तळं काठोकाठ भरलेलं, आणि पाहुणेही तितकेच. मौन धरून मी सगळ्यांचं करायची. दूधवाली गावातली बाई दारातून हाक मारायची, "इवत्तु मातिल्ला, अक्का?" आज बोलणं नाही का, म्हणून, आणि स्वतःच हसून जायची. खरं म्हणजे श्रावणी सोमवार उपासाचा. पण नागोजीरावांनी नियम काढला होता, "उपास करायला पेठेतलं घर आहे. तळ्यावर जेवायला यायचं." तेव्हा उपास माझा एकटीचा, मौनही माझं एकटीचं, आणि त्या दिवसापुरतं माझं तोंड म्हणजे इंदू.

खुणा आमच्या आपोआप ठरत गेल्या. उताणा हात पुढं केला की वाढ, आण, दे. दोन बोटं कपाळाला, म्हणजे मामा किंवा कुणी मोठं माणूस. आणि भांड्यावर झाकण ठेवावं तसा उपडा हात, म्हणजे नको, नाही, पुरे. आम्ही भांड्यांतली माणसं, ही खूण पोरासोरांनासुद्धा कळायची. पण शब्द लावायचे ते इंदूनंच. ती माझ्या हाताकडे बघून असं काही बोलायची की पडवी हसून लोटपोट. एकदा नागोजीरावांनी तिसऱ्यांदा भाताला ताट पुढं केलं. मी त्यांच्या पोटाच्या काळजीनं उपडा हात केला. इंदू म्हणाली, "ती म्हणते, नागोजीराव, पोट तुमचं असलं तरी पातेलं आमचं आहे."

"वहिनी असं म्हणणार नाहीत," नागोजीराव म्हणाले. "ही तुमचीच फोडणी."

"हात तिचा, जीभ माझी. दोघींचं मिळून एक माणूस होतंय, चालवून घ्या."

मीही हसत होते, आवाज न करता. तिनं पदरचं घातलं की मला गोडच वाटायचं.

पाचव्या श्रावणातला शेवटचा सोमवार आला. मामा शनिवारीच मिरजेहून पेठेतल्या घरी आले होते. ऐंशीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. कान मात्र तल्लख. शनिवारी, रविवारी मीच त्यांना जेवू घातलं, पाठ चोळली, पोथी वाचून दाखवली. कुणी कशाचं नाव काढलं नाही. सोमवारी सकाळी भाऊजी म्हणाले, "मामांनाही तळ्यावर नेऊ या. वारा लागेल." मला बरंच वाटलं. मामा श्रावणात तिथं कधी आले नव्हते.

त्या दिवशी हिराबाईही होत्या, नागोजीराव होते, इंदू शाळेला रजा टाकलेल्या पांडुरंगरावांना घेऊन आली होती. शिवाय भाऊजींबरोबर एक नवे गृहस्थ आले होते. गोकुळ रोडवर त्यांचा कारखाना आहे, मित्र आहेत, एवढंच मला सांगितलं गेलं. मी त्यांना पाटावर बसवून पोळी वाढली. दोनदा तूप वाढलं.

जेवणं झाली. मामांच्या समोर आम्ही बायका बसायची रीत नव्हती, म्हणून मी स्वयंपाकघरात, सरू आणि हिराबाईंची मुलं पायरीवर, वत्सला खोलीच्या उंबऱ्याशी. इंदू खिडकीला टेकून उभी होती, अर्धी आत अर्धी बाहेर. मी संध्याकाळच्या नैवेद्याची कणीक मळत होते. तेव्हा भाऊजींचा आवाज आला.

"मामा, तळ्याच्या घराचं बोलायचं होतं. कोप्पीकर रोडला मोक्याचा गाळा मिळतोय. तांब्या-पितळेचे दिवस गेले, आता सगळं स्टील. पेठेतल्या बोळात गिऱ्हाईक येत नाही. हे साहेब ही जागा घेऊन घरांचे प्लॉट पाडणार आहेत. उणकल आता हुबळीतच जमा होणार. दादानं तुमच्यावर सोपवलंय, म्हणून तुमच्यासमोर."

मामा म्हणाले, "माझ्यावर नाही, तिच्या होकारावर सोपवलंय. श्यामला काय म्हणते?"

"वहिनींचं आज मौन आहे."

"मग उद्या विचारू."

"तुमची तीनची गाडी आहे, मामा. आणि साहेबांना आजच शब्द हवाय, त्यांनी दुसरी जागाही बघून ठेवलीय. खुणेनं सांगतील की. इंदूताई आहेत, त्यांना सगळं कळतं."

नागोजीराव म्हणाले, "ते खरं. वहिनींची जीभ म्हणजे इंदूताई." या वेळी कुणी हसलं नाही.

मामांनी मान वर केली, आवाज जिकडून यायचा होता तिकडे. "इंदू, विचार तिला. नीट विचार."

इंदू माझ्याकडे वळली. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. तिला हे घर माझं काय आहे ते माहीत होतं. हे गेले त्या वर्षी मी याच पडवीत तिच्या मांडीवर डोकं ठेवून दिवसच्या दिवस पडून होते. ती म्हणाली, "शामे, ऐकलंस ना? काय सांगू?"

मी कणकेचा हात तसाच खिडकीतून बाहेर काढला आणि उपडा धरला. भांडं झाकावं तसा. पुन्हा एकदा दाबून धरला, म्हणजे शंका नको. पडवीतल्या सगळ्यांना तो हात दिसत होता. एकट्या मामांना दिसत नव्हता.

इंदूनं हाताकडे बघितलं. मग पांडुरंगरावांकडे. मग मामांना म्हणाली, "ती म्हणते, मामा आणि भाऊजी मिळून ठरवतील तसं. तिची ना नाही."

मला आधी वाटलं, माझीच खूण चुकली. मी स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात उपडाच होता.

मी बाहेर आले. पदर डोक्यावरून घेतला आणि मामांच्या समोर, सगळ्या पुरुषांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. असं मी जन्मात केलं नव्हतं. मी मान हलवली, नाही, नाही. हिराबाई तळ्याकडे बघायला लागल्या. नागोजीरावांनी पानाचा डबा उघडला आणि त्यात चुना शोधत राहिले. वत्सलेनं पदर तोंडाला लावला, पण उंबऱ्यावरून उठली नाही. पांडुरंगराव चष्मा पुसत होते. या सगळ्यांना मी दहा वर्षं वाढलं होतं. माझ्या उपड्या हाताचा अर्थ ज्याला कळत नाही असं एकही माणूस तिथं नव्हतं, मामा सोडून, आणि ते गोकुळ रोडचे पाहुणे सोडून.

"कोण? श्यामला का?" मामांनी पावलं ओळखली. "ये पोरी."

मी त्यांच्यापुढं बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. उताणा होता, तो माझ्या तळव्यावर उपडा केला. दाबला. मला दुसरं काही सुचेना. त्यांना ती खूण ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यांना वाटलं, मी नमस्कार करते आहे. तोच हात त्यांनी उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"मोठं मन केलंस," ते म्हणाले. "रडू नको. दत्तू जिथं असेल तिथं त्याला आनंद होईल."

शब्द माझ्या दाताच्या मागं येऊन थांबला होता. एवढासा शब्द. समोर पायरीवर सरू बसली होती, पाय पाण्यात सोडून, ओला परकर पिळत. बारा वर्षांची झाली होती. दिवेलागणीला अजून अर्धा दिवस होता आणि तेवढा अर्धा दिवस गेला की पाच वर्षं पुरी होणार होती. मी ओठ घट्ट मिटले. इतके की नंतर आतून सोललेले निघाले.

भाऊजींनी नारळ आणून मामांच्या हातात दिला. मामांनी तो कपाळाला लावून त्या गृहस्थांना दिला. आमच्या व्यापाऱ्यांच्यात नारळ गेला की शब्द गेला. कागद नंतर होतात. मग मामांना बसवर पोचवायला भाऊजी आणि ते गृहस्थ गेले. बाकीची माणसं लवकर लवकर आवरून निघाली. एरवी सूर्य पाण्याला टेकल्याशिवाय कुणी उठत नसे.

संध्याकाळी मी तुळशीपुढे दिवा लावला. देवाचं नाव घेतलं, पाच वर्षांचं मौन सुटलं. भाऊजी परत आले होते, पडवीत उभे होते.

"मी नाही म्हटलं होतं, भाऊजी," मी म्हणाले.

"मला कुठं खुणा कळतात, वहिनी. इंदूताईंनी सांगितलं ते ऐकलं."

"मामा शनिवारपासून घरी होते. शनिवारी मला तोंड होतं. रविवारी होतं."

त्यांनी तुळशीच्या दिव्याकडे पाठ केली. मग म्हणाले, "तुम्हाला वाटत असेल तर मामांना कळवा. त्यांनी आपल्या हातानं नारळ दिलाय. या वयात त्यांना शब्द मोडायला लावायचा असेल तर लावा." आणि थोडं थांबून, "सरूचंही पुढं सगळं दुकानावरच आहे ना."

मी मागं विहिरीकडे गेले. इंदू भांडी घासत होती. तिनं वर बघितलं नाही.

"शामे, बोल काय बोलायचं ते."

मी तिचा डबा उचलला, तेव्हा तीच म्हणाली, "तुला पेठेत घर आहे. डोक्यावर दीर आहे. माझ्याकडे काय आहे? घरमालक दर दिवाळीला खोल्या रिकाम्या करा म्हणतो. मधुकरराव म्हणाले, प्लॉट पडले की एक आम्हाला ठेवतील. तळ्याच्या बाजूचा. तू यायचीस की तिथं. घर कुणाचंही असलं तरी पाणी तेच ना. होगली बिडु, शामे. सोडून दे."

तिच्या हाताला राख लागली होती. चेहऱ्यावर येणारे केस ती मनगटानं मागं सारत होती, लहानपणी सारायची तसे. मला तिच्या जवळ जावं असंही वाटलं, हे खोटं कशाला सांगू. मी तिचा डबा पुसला, झाकण लावलं आणि पुढं केला.

"इंदुमतीबाई, तुमचा डबा घ्या. राहील."

तिनं तेव्हा वर बघितलं. अहो-जाहो आमच्यात निपाणीपासून कधीच झालं नव्हतं.

मामांना मी कळवलं नाही. ऐंशी वर्षं ज्यानं दिला शब्द खाली पडू दिला नाही त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार, तुमच्या हातून खोट्यावर नारळ गेला. मी देवाला मात्र रोज विचारायची. पूजा चुकवली नाही, पण पूर्वी फुलं वाहताना मन जसं मोकळं व्हायचं तसं होईना. सरूला झटका आला नाही. देवानं त्याची बाजू पाळली.

घर त्या दिवाळीनंतर पाडलं. मी बघायला गेले नाही. तुळस भाऊजींनी कुंडीत घालून आणून दिली. पेठेच्या बोळात ऊन पोचत नाही, तिथं ती काही दिवसांत काडी झाली. कोप्पीकर रोडला स्टीलचं दुकान झालं, चाललंही. सोमवारी नागोजीराव बोळात भेटले की मान खाली घालून म्हणायचे, "काय वहिनी, ठीक?" आणि मी ठीक म्हणायची. हिराबाई मे महिन्यात आल्या नाहीत. पत्र आलं, मुलांना महाबळेश्वरला नेतो आहोत. मग मला हळूहळू नीट दिसायला लागलं, कोण कशाकडे येत होतं ते.

दोन वर्षांनी इंदूच्या घराची वास्तुशांत निघाली. मी जाणार नव्हते. पण मामा मिरजेहून आले. मधल्या काळात त्यांचे डोळे कापून झाले होते, जाड भिंगांचा चष्मा आला होता आणि ते सगळ्यांना सांगत होते, "डोळे आले तसे कान गेले. देव दोन्ही हातांनी देत नाही." बोलवणं त्यांनाही होतं. म्हणाले, "श्यामला, मला तूच घेऊन चल. मधू फटफटीवर नेतो म्हणतो, माझी हाडं उरायची नाहीत."

गुरुवार होता. बस आता अगदी जवळ थांबायची. जोंधळ्याच्या जागी चुन्यानं आखलेल्या रेघा आणि अर्धवट भिंती. इंदूचं घर मात्र पुरं झालं होतं, दोन खोल्या, पुढं गच्ची असलेला ओटा, तळ्याकडे तोंड करून. आमची पडवी होती तिथून जरा बाजूला. पाणी तसंच. इंदूनं दारात मला हळद लागलेल्या हातांनी "ये" म्हटलं. मी "आले" म्हणाले आणि मामांना आत नेलं.

जेवणाची पंगत ओट्यावरच बसली. मामांना ऐकू येत नाही, त्यांना काय हवं-नको ते बघायला म्हणून सगळ्यांनी मलाच त्यांच्याशेजारी बसवलं. आता रीतभातही सैल झाली होती. समोर भाऊजी, नागोजीराव, पांडुरंगराव नव्या सोवळ्यात. सरू वाढत होती, पंधराला टेकलेली, उंच, वेणी पाठीवर. मामा जेवता जेवता थांबले आणि तळ्याकडे बघत राहिले.

"हे मी बघितलंच नव्हतं गं," ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं. "त्या दिवशी नुसता उजेड होता. इतकं चांगलं होतं होय? श्यामला, तू हे खुशीनं दिलंस ना?"

पंगतीतले हात थांबले. माझा आवाज जन्माचाच बारीक. त्याच आवाजात मी म्हणाले, "नाही, मामा."

"काय? काय म्हणालीस?" त्यांनी कानाला हात लावला आणि पूर्वीच्याच सवयीनं तोंड वळवलं. "इंदू, काय म्हणाली गं ती?"

इंदू दारात उभी होती, हातात तुपाची वाटी. तिनं माझ्याकडे बघितलं. मोकळा हात कमरेच्या खाली, कुणाला दिसू नये असा धरला आणि उपडा केला. नको, शामे. ती खूण तिनं मला कधी केली नव्हती. ती माझी होती. मी तिच्याकडे बघत राहिले. मला खरंच वाटत होतं की या वेळी ती सांगेल. घर झालं होतं, प्लॉट मिळाला होता, आता लपवायला काही उरलं नव्हतं.

ती मामांच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "ती म्हणते, सगळं देवाच्या इच्छेनं झालं."

मामांनी मान डोलावली. "तीच असं म्हणणार."

त्या दिवशी खिडकीत माझं तोंड बांधलेलं होतं. आज बांधलेलं नव्हतं, तरी तिनं माझ्या देखत माझ्या तोंडात शब्द घातले, आणि घातले तेही देवाचे. मी उजवा हात धुतला. मामांचा डावा हात त्यांच्या मांडीवर होता, तो उचलला आणि त्या दिवशी केला होता तसा माझ्या तळव्यावर उपडा केला. दाबला. मग त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"मामा, मी त्या दिवशी तुमचा हात असा केला होता. आठवतं?"

"आठवतं की. नमस्कार केलास."

"आमच्या घरात याला नको म्हणतात. इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

ते हाताकडे बघत राहिले. भिंगांतून डोळे फार मोठे दिसत होते. मग त्यांनी एकेकाकडे बघितलं, भाऊजींकडे, नागोजीरावांकडे, पांडुरंगरावांकडे, शेवटी इंदूकडे. जो तो तळ्याकडे बघत होता. इंदूच्या वाटीतलं तूप कलून उंबऱ्यावर सांडत होतं आणि तिच्या ते लक्षात नव्हतं.

"आणि मी काय केलं," मामा म्हणाले, या वेळी अगदी हळू. "तोच हात तुझ्या डोक्यावर ठेवला."

तेवढ्यात सरू शिऱ्याचं पातेलं घेऊन पंगतीत आली. तिला काहीच ऐकू गेलेलं नव्हतं. मामांच्या पानाशी वाकून तिनं पळी भरली. "आजोबा, थोडासा. वास्तूचा प्रसाद आहे."

मामांनी माझ्या हातातून आपला हात सोडवला आणि पानावर उपडा धरला.

"थोडासाच," सरू म्हणाली.

त्यांनी तो काढला नाही.